आईच्या झाडाच्या दोन बादल्या

४ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. यंदाची सफरचंदाची दारू उतरवून झाली. चोथा गाईंना गेला, भट्टीची राख वाफ्यांत गेली, जुन्या बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या. फाटकाबाहेर कचरा म्हणून काडीही जाता कामा नये, हा अण्णांचा नियम तुला माहीतच आहे. परवा तुटका झाडू टाकायला निघालो, तर तोही भट्टीत सरपण म्हणून घातला. पुढचा नंबर माझाच असावा.

आता मुद्द्याचं. बागेची माती तपासून घेतली. तिच्यात तांबं भलतंच वाढलंय, गांडूळ औषधालाही नाही. दारू उतरवल्यावर तांब्याच्या हंड्यात उरलेलं आंबट पाणी टाकीत साठवून आपण पंधरा वर्षं झाडांना घालतोय, त्यातूनच हंड्याचं तांबं मातीत उतरलं. खिडकीपाशी आईने लावलेल्या झाडाची दशा सगळ्यांत वाईट, कारण त्याला अण्णा रोज स्वतःच्या हाताने दोन बादल्या घालतात. ते थांबवलं तर कदाचित झाड वाचेल, असं तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. अण्णांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. तू लाडकी, तूच लिही.

लोभ आहेच, आता उत्तरही येऊ दे.

तुझा,
धाकटा

११ मे

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला घास हातातच राहिला. तू तेव्हा शाळेत होतास, तुला आठवत नसेल. ते पाणी वाया घालवू नका, बागेला घाला, असं कॉलेजातून मीच अण्णांना लिहिलं होतं. चार पुस्तकं वाचून फार शहाणी झाले होते ना! भट्टीच्या भिंतीवर चौकटीत लावलंय ते पत्र तेच. येईल त्याला अण्णा ते अजून दाखवतात.

पाच वेळा लिहायला बसले आणि पाचही कागद फाडले. आई गेल्यापासून त्या दोन बादल्यांसाठीच ते सकाळी उठतात, हे तूच मला सांगितलं होतंस. मग मी कुठल्या तोंडाने लिहू? मला लाज वाटते रे, आणि भीतीही वाटते. तू समोर आहेस, तूच सांग. हवं तर माझं नाव घे.

रागावलास तरी ताईवरची माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई

२० मे

चि. ताईस, अ. उ. आ.

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. धाकटा परवा जेवताना म्हणाला की त्या पाण्यानेच आईचं झाड जळतंय. कसलासा कागदही दाखवला. मी म्हटलं, आपल्या ताईचं काही चुकलं असतं तर तिनेच आधी कळवलं असतं, लपवून ठेवणारी मुलगी नाही ती. तुझं काही पत्रबित्र आलंय का, असं विचारलं तर नाही म्हणाला.

भिंतीवरचं तुझं पत्र धुराने काळवंडलं होतं, काल काच पुसून घेतली. आता पुन्हा दारातून वाचता येतं.

झाड मात्र खरंच सुकलंय, पानं पिवळी पडली आहेत. म्हणून आजपासून दोनाच्या तीन बादल्या केल्या. कंबर कुरकुरते, पण जमतं. तू काळजी करू नकोस.

म्हाताऱ्यावर लोभ असू दे.

तुझे,
अण्णा