चावडीवर अमेरिकेचा कायदा

प्रिय गोमाजी,

मायन्यात 'चिरंजीव' लिहायला हात गेला होता. पण ती सोय तू गेल्या दिवाळीत डोळे मिटून बंद केलीस. म्हणून नुसतं प्रिय. जिथे असशील तिथे डाक पोचते की नाही, ठाऊक नाही; पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही. अरे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं! आणि कुठे? काशीत नाही, पैठणात नाही, अमेरिकेत!

आठवतं? वीस वर्षांमागे भाजीची पाटी माझ्या अंगणात उतरवून तू विचारलंस, "शास्त्रीबुवा, मी वलगावातच जलमलो, माह्या बापाची राख पेढी नदीत गेली. मंग मी अजून उपराच काहून?" बाप परमुलखातून आलेला, म्हणून चावडीच्या ओट्यावर तुला जागा नव्हती. आणि ओट्याखाली बसणाऱ्यानं ऐकायचं, बोलायचं नाही! पंचांनी माझं मत मागितलं होतं. मी तुझ्याविरुद्ध रूढीचा दाखला दिला, वर दोन संस्कृत वाक्यं फेकली. तू मान डोलावलीस आणि जाताना चार वांगी जास्तीची ठेवून गेलास. ती मी खाल्ली, गोमाजी. लाज वाटायला मात्र वीस वर्षं लागली.

अमरावतीच्या कापूसबाजारात मुंबईचा एक पारशी कारकून आला आहे. मी त्याला संस्कृत शिकवतो, तो मला इंग्रजी वर्तमानपत्र समजावतो. दोघांची प्रगती सारखीच, म्हणजे बेताची. पण काय ऐकलं सांगू! ज्यांच्या लढाईनं आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, त्यांना राजाच नाही! लोक चार वर्षांसाठी प्रेसिडेंट निवडतात. कायदे करणाऱ्या सभा निराळ्या, न्यायाधीश निराळे, आणि तिघांची एकमेकांवर सासू, सून, नणंदेसारखी नजर! परवा तर सभेनं खुद्द प्रेसिडेंटावरच खटला चालवला. बिचारा एका मतानं वाचला. मी बैठकीवरून उठून उभाच राहिलो.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांनी आपल्या मूळ कायद्यात नवं कलम घातलंय: जो त्या भूमीवर जन्मला, तो तिथला नागरिक, म्हणजे घरचा माणूस, पाहुणा नव्हे. कालपर्यंत गुलाम होते तेसुद्धा! (तिथले मूळ रहिवासी मात्र वगळलेत म्हणे, आणि बायकांना मत नाहीच. शास्त्री तिथेही आहेत तर!)

मी तडक वलगाव गाठलं, कारण तुझ्या पोरावर, राघोजीवर, वेळ आली होती. बडनेऱ्याच्या आगगाडीला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांसाठी पंच तुझ्या भाजीच्या वाडीतूनच रस्ता काढायला निघाले होते. आणि राघोजी ओट्याखाली, तोंड मिटून!

मी कायदा सांगितला. पाटील मिशीत हसले. "म्हंजे जो जिथं जलमला तो तिथला? मंग त बुवा, मी पक्का वलगावचा!"

शेजारच्या दारातून त्यांची म्हातारी कडाडली, "तू कायचा वलगावचा? तू अकोटले झाला, माह्या माहेरी. पहिल्या बाळंतपणाले बाई कुठं जाते रे?"

मग मी एकेकाला विचारत गेलो. एक तिवशाचा, एक अचलपूरचा... पाचही पंच घरातले थोरले, पाचही आजोळी जन्मलेले! तुझ्या आईला मात्र जायला जवळ माहेरच नव्हतं, म्हणून तू वाडीतल्या झोपडीत जन्मलास. राघोजी तुझा तिसरा, तोही तिथलाच. अमेरिकेच्या हिशेबानं त्या सभेत वलगावकर कोण होते? तुझा पोरगा आणि पाटलांचा बैल!

"घ्या रे त्याले वर," पाटील कपाळ पुसत म्हणाले, "नाई त आमालेच खाली उतरा लागन!"

राघोजी चढला. रस्ता वाडीच्या बाजूनं न्या, हे त्यानं स्वतःच ठणकावून सांगितलं. रस्ता आता वाडीला वळसा घालून जाणार आहे. तू पाहायला हवं होतंस रे!

सगळ्यांनी मला शाबासकी दिली. मी ती घेतली, आणि जुना निकाल माझाच होता हे बोललो नाही. एवढं चुकलं.

तुला वचन देतो: येत्या बैठकीला त्याच ओट्यावर उभा राहून सांगेन की हा प्रश्न अमेरिकेच्या आधी गोमाजी माळ्यानं विचारला होता, त्याचं बरोबर होतं, आणि मी चुकलो होतो. संस्कृतात नाही, वऱ्हाडीत सांगेन. म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

उशिरा शहाणा झालेला, तुझाच
त्र्यंबकशास्त्री