ताई, ती चरबी नव्हती

प्रिय ताई,

आज आईनं तुझं कपाट रिकामं करायला सांगितलं. तुझे ब्लाउज निघाले. एकाच कापडाचे तीन, तीन मापांचे! ते मांडीवर घेऊन बसले आणि लिहायला घेतलं.

तुला जाडी मीच म्हणायचे. तुझं लग्न जमत नाही म्हणून माझं अडलंय, असं तुझ्या तोंडावर म्हटलं होतं. आठवतं ना? त्या दिवसापासून तू लिंबूपाणी आणि काकडीवर राहिलीस. दोनदा सुकलीस, दोनदा पुन्हा भरलीस. शाळेत शिकवताना फळ्यासमोर चक्कर येऊन पडलीस, तरी मी म्हटलं, "नाटक आहे."

तिसऱ्यांदा बारीक झालीस आणि निंबोल्याचं स्थळ जमलं. केळीवाले, चांगली माणसं. इच्छापूरच्या देवीला आपण सगळे मिळून गेलो. किती खूश होतीस गं!

साखरपुड्याला महिना होता, तेव्हा तुझे पाय सुजले. नडगीवर बोट दाबून तू म्हणालीस, "कुंदे, बघ ना, खड्डा पडतोय. डॉक्टरला दाखवू या का?"

"चोरून खातेस, दुसरं काय! आता दवाखान्यात दिसलीस तर अख्ख्या लोधीपुऱ्यात बोभाटा होईल. साखरपुडा होऊ दे, फिर देखेंगे."

तू ऐकलंस. का ऐकलंस?

साखरपुड्याच्या दिवशी तुझे डोळे सुजून मिटले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "वजन असं वरखाली कधीपासून होतंय? बीपी कधी तपासलं?" मग तुझी नडगी दाबून बघत ते म्हणाले, "हे वजन नाही, अंगात पाणी साठलंय. किडन्या फार खराब झाल्यात. महिनाभर आधी आणायला हवं होतं."

मग डायलिसिस. अंगावर मांस राहिलं नाही. शेजारची काकू भेटायला आली नि म्हणाली, "आता कशी छान बारीक झालीस!" आणि तू हसलीस, ताई. खरोखर खूश होऊन हसलीस.

आठ दिवसांनी तू गेलीस.

निंबोल्याच्या लोकांनी नंतर मला मागितलं. मी हो म्हटलं. पुढच्या महिन्यात लग्न आहे.

आई अजून सगळ्यांना सांगते, "आम्हाला कळलंच नाही हो." तिला कळलं नव्हतं. मला तू दाखवलं होतंस.

आज संध्याकाळी तिला समोर बसवून ते सांगेन. निंबोल्यालाही सांगेन. नंतर लग्न मोडलं, तर मोडू दे. वचन देते.

तुझी,
कुंदा