हिरव्या गल्लीतील लाल टाचणीबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
बालआरोग्य विभाग, शहर कार्यालय.

विषय : नकाशावर लावलेल्या टाचणीबद्दल माफी न मागण्याबाबत.
संदर्भ : ‘शासकीय नकाशाची नासधूस’ या कारणासाठी मला आलेली आपली नोटीस.

महोदय,

आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात शहराचा मोठा नकाशा टांगलेला आहे. तान्ही बाळे जिथे जास्त दगावतात तो भाग लाल, जिथे कमी तो हिरवा. आमची गल्ली त्यात हिरवीगार आहे. लाल रंग आहे तो मोठ्या रुग्णालयाभोवती.

आमच्या गल्लीला लागून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचा कारखाना आहे. त्याची काजळी माझ्या शिलाई मशीनवर रोज बसते. माझी मुलगी वेळेआधी जन्मली आणि रुग्णालयातच गेली. शेजारच्या वेल्डरच्या घरी तेच झाले, समोरच्या इस्त्रीवाल्याच्या सुनेचेही तेच. आपल्या नोंदीत मात्र या तिन्ही बाळांचा पत्ता रुग्णालयाचा आहे. गल्ली हिरवी असल्याने कारखान्याच्या तपासणीची आवश्यकता नाही, असे आम्हाला लेखी कळवण्यात आले.

पत्ता दुरुस्त करून घ्यायला मी आपल्या कार्यालयात आले. नकाशाचे काम पाहणाऱ्या बाई वाईट नाहीत. त्यांनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. पण नियमावर बोट ठेवून म्हणाल्या, “बाळ घरी आलंच नाही, तर घरचा पत्ता कसा लावू?”

मी म्हटले, “ती माझ्या पोटात होती, बाई. आणि मी त्याच गल्लीत होते.”

नोंद काही बदलली नाही. बाहेर पडताना मी पिशवीतली लाल डोक्याची टाचणी काढून नकाशात आमच्या गल्लीवर टोचली. नासधूस म्हणावी ती एवढीच. आपल्या शिपायाने ती उपटली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याच्या सुनेने दुसरी लावली.

आपल्याला माझ्याकडून लेखी माफी हवी आहे. ती मिळणार नाही. सरकारी माणसांच्या नादी लागू नकोस, असे सासूबाईंनी मला परोपरीने समजावले आणि मग हा अर्ज द्यायला माझ्यासोबत यायचे म्हणून स्वतःच चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

माझ्या धाकट्या जावेला सहावा महिना आहे. घर बदलायची आमची ऐपत नाही. बाळंतपण त्याच रुग्णालयात होईल. तरी विनंती, नव्हे मागणी, एवढीच, की त्या बाळाचा पत्ता आजच लिहून घ्यावा : कारखान्यालगतची गल्ली, भिंतीला टेकलेली शेवटची खोली.

आपली,
माफी न मागणारी अर्जदार
(शिलाईकाम करणारी, त्या मुलीची आई)

दिनांक : ९ नोव्हेंबर
सोबत : माफीनाम्याचा छापील कागद, सही न करता परत.