लिथुआनियाची देवी

आई, तुझ्या देव्हाऱ्यातली ती हाताएवढी लाकडी तसबीर अजून माझ्याकडेच आहे. अन्नपूर्णेच्या उजवीकडे, तू ठेवली होतीस तिथंच. छातीवर दोन्ही हात दुमडलेली, मान जराशी कललेली, पायाशी चंद्रकोर. ती येशूची आई मेरी आहे हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण चंद्रकोर पाहून तू म्हणालीस, "चंद्र आहे म्हणजे आपल्याच नात्यातली कोणी," आणि कुंकवाचं बोट तिच्या कपाळाला लावून मोकळी झालीस. इतकी वर्षं तू लावलंस, तुझ्यानंतर मी, त्यामुळे आता कपाळावर रंग उरला नाही, नुसतं लाल आहे. परवा मुलाचा फोन आला आणि तेव्हापासून माझं पूजेत लक्ष लागत नाही, म्हणून तुला लिहून राहिले.

जबलपूरला रांझीच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. बाबांच्या फॅक्टरीत मशीन बसवायला रशियाकडचे इंजिनियर आलेले आणि त्यातल्या एकाची बायको दुपारी आपल्याकडे येऊन बसायची. गल्लीत सगळे तिला रूसी मॅडम म्हणत. तुझ्यासमोर पाटावर बसून ती वाटाणे सोलते आहे, दाणे कमी आणि टरफलं जास्त ताटात पडताहेत, आणि तू तिला काही म्हणत नाहीस. मला म्हटलं असतंस. एकदा बाबा जेवताना म्हणाले, "तुम रशियन लोग चाय में दूध क्यों नहीं डालते?" तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "मैं रूसी नहीं. पति रूसी. मैं लिथुआनिया." बाबा हसले. "अरे, सब एक ही है." ती गेल्यावर तू बाबांना धरलंस. "तुम्हाला फॅक्टरीत नागपूरवाले म्हणतात तर काहून चिडता? सब एक ही है म्हणायचं होतं." बाबांनी ताक मागितलं.

तुला ते लागायचं कारण मला फार उशिरा कळलं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. मग सरकारनं रेघ ओढली आणि तुझं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं. "मी कुठं हलले? नागपूरच हललं," असं तू हसत सांगायचीस. तिलाही तू हे तुझ्या मोडक्या हिंदीत सांगितलंस. ती किती समजली देव जाणे, पण त्या दिवशी ती देव्हाऱ्यापुढे बसून रडली. दुसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळून ही तसबीर घेऊन आली. तिच्या आजीची होती. त्यांच्या सरकारला देवधर्म चालत नव्हता, नवऱ्याच्या लोकांनी पाहिली तर त्याच्या नोकरीवर येईल, म्हणून ट्रंकेच्या तळाशी दडवून आणलेली. इथं ठेवता का, म्हणाली. तू विचारलंही नाहीस बाबांना. देव थोडे सरकवलेस आणि जागा केलीस.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू तिची ओटी भरलीस. तिचं नाव तुझ्या जिभेवर बसत नव्हतं, आणि मंगळसूत्र नसलं म्हणून काय, सवाशीणच ती. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं तिचं नवीन नाव लिहिलंस, नव्या सुनेचं लिहितात तसं. बायका हसल्या, तीही हसली. म्हणाली, घरी एक नाव, सरकारी कागदावर रूसी पद्धतीचं दुसरं, आता हे तिसरं. मग तिनं मला जवळ ओढून आपलं घरचं नाव सांगितलं, सावकाश, तोडून तोडून, आणि माझ्याकडून म्हणवून घेतलं. मी बरोबर म्हटलं म्हणून माझा गालगुच्चा घेतला. पुढे मात्र आपण सगळे तिला तांदळातल्या नावानंच हाक मारत राहिलो.

त्यांना परत बोलावलं तेव्हा ती तसबीर न्यायला आली नाही, नुसती पाया पडून गेली. "दीदी, जब अपने घर की दीवार पर लगा सकूँगी, तब भेजना." तू म्हणालीस, "घर नहीं है क्या तेरा?" ती म्हणाली, "घर है. मुल्क नहीं."

मग बऱ्याच वर्षांनी तो मुल्कही झाला. टीव्हीवर थंडीत उभी माणसं, समोर रणगाडे, आणि पुढे काही महिन्यांनी तो झेंडा. तू कणकेच्या हातांनी बाहेर आलीस आणि म्हणालीस, "तिचा देश आला." बाबांना तो मोठा सोव्हिएत देश फार आवडायचा. ते टीव्ही बंद करत म्हणाले, "एवढं भरलं घर फुटलं, आता पेढे वाट." तू तसबिरीपुढे साखर ठेवलीस. रात्री भांडी आवरताना एवढंच विचारलंस, "तिच्या नवऱ्याला राहू देतील ना वं तिथं?" तसबीर पाठवू म्हणत दिवाळी गेली, मग बाबांचं आजारपण, मग तूच गेलीस.

आता तुझा नातू नोकरीला पोलंडमध्ये आहे, तिथून तो देश बसनं जाता येतो. तिकडे शेजारी रशियाची लढाई सुरू झाल्यापासून रशियन बोललं तरी लोक वळून बघतात, म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मम्मी, नाम बताओ, मैं ढूँढ़ लूँगा." मला ते आठवेना. "अच्छा, अंकल का नाम?" बाबा त्या इंजिनियरला साहेबच म्हणायचे. मुलगा हसायला लागला. "इतने साल पूजा की और नाम ही नहीं पता?"

आई, तो हसला तसं मला हसता आलं नाही. बाबांनी तिला रशियन म्हटलं तर तू भांडलीस, आणि तिचं नाव मात्र आपणच, इतक्या मायेनं, पुसून टाकलं. त्या लोकांनी आपल्या देशाचं नाव परत मिळवलं. ती असेल तर म्हातारी असेल, तिच्या भिंतीवर कदाचित खिळाही असेल. डोळे मिटून बसते, तिचे ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. तांदळातलं नाव तेवढं आठवतं.

मुलगा म्हणाला, तसबिरीचा फोटो पाठव, इंटरनेटवर टाकतो, तिथलं कोणीतरी ओळखेल. मी म्हटलं, रंग उडालाय रे, फोटोत काही दिसणार नाही. आज सकाळी तेल घातलं, वात सारखी केली आणि मोबाईल धरून काढून पाहिला. चांगला येतो, आई. सगळं दिसतं, कपाळावरचं लालही. अजून पाठवला नाही.