माझी शीळ, यांचं तोंड

४ मार्च
पडले! समोरचे दोन्ही दात. जमदग्नीने, म्हणजे आमच्या एडक्याने, मी खाली वाकले असताना सरळ तोंडावर ढुशी दिली. रक्त पुसत घरात आले तर नवरा म्हणतो, "तरी मी सांगत होतो." काय सांगत होता? काही नाही! निवृत्त झाल्यापासून खिडकीतल्या खुर्चीत बसून हेच एक काम उरलंय.

५ मार्च
शीळ गेली. दातांच्या फटीतून वाजायची, आता नुसती हवा आणि थुंकी. महामाया, म्हणजे मेंढ्या वळणारी आमची कुत्री, मान वाकडी करून बघत राहिली. लांब सूर म्हणजे बस, चढता म्हणजे डावीकडे, उतरता म्हणजे उजवीकडे – पिल्लू असल्यापासून याच शिळेवर तयार केलीय. सगळ्या वेतात हीच एकटी कोंबड्यांवर डोळे रोखून पोटावर सरकायची, म्हणून ठेवून घेतली.

दातांचा डॉक्टर म्हणतो, सूज उतरू द्या. आणि पंधरा तारखेला मेंढपाळ येतोय तिचं काम बघायला! पसंत पडली तर टेकडीवर मोठ्या कळपावर जाईल. नाहीतर दीर टपलेलाच आहे. "कामाची नसेल तर मला द्या वहिनी, गोदामावर साखळीला बांधतो." आधी त्यालाच बांधायला हवा.

८ मार्च
पत्र्याची शिट्टी आणली. महामाया आपल्या म्हाताऱ्या आईच्या मागे जाऊन लपली. तोंडी हुकूम शिकवलेलेच नाहीत – शब्द काय, कुणीही बोलतं, म्हणायचे मी. घ्या आता! मेंढ्या चारी दिशांना, मी त्यांच्या मागे. जमदग्नी रवंथ करत बघत होता. मेल्याला लाज नाही.

९ मार्च
रडले. कुणाला सांगायचं नाही.

१० मार्च
काय झालं म्हणून सांगू! स्वयंपाकघरात नवऱ्यावर तोंडसुख घेत होते. मी तापले की हे माझीच 'बस'ची शीळ वाजवतात. लग्नापासूनची खोड. मी एकदाही बसलेली नाही. आजही वाजवली, आणि दारात महामाया धपकन पोटावर! पुढ्यातलं खाणं सोडून.

चढती वाजवायला लावली. गेली डावीकडे! तंतोतंत माझा सूर. इतकी वर्षं मला चिडवून चिडवून यांचा रियाज झालाय.

"चला माळावर," म्हटलं.

"मी? त्या लेंड्यांत?"

हे जन्मात कधी तिकडे आले नव्हते.

१२ मार्च
डावं की उजवं हे यांना सांगेपर्यंत मेंढ्या पुढे निघून जातात. म्हणून चिमटे. डाव्या दंडाला डावीकडे, उजव्याला उजवीकडे. थांबवायचं तर पायावर पाय. दंड काळेनिळे झालेत. "यावर घटस्फोट मिळतो," म्हणाले. वर उद्या कधी निघायचं तेही विचारलं.

१५ मार्च
मेंढपाळ आला. सगळं छान चाललं होतं, पण माझा पाय जरा जोरात पडला. शिळेऐवजी "आई गं!" मेंढ्या थेट त्याच्या गाडीकडे. माझ्या डोळ्यांपुढे ती साखळी. तेवढ्यात यांनी एका पायावर उभं राहून वाजवली – लांब, स्वच्छ. महामाया जमिनीला चिकटली. कळप थांबला. मग चढती, आणि सगळ्या मेंढ्या कुंपणात!

मेंढपाळ म्हणाला, "कुत्री नेतो. सूर तेवढे शिकवा." मग जरा चाचरत, "एक विचारू? यांना चिमटे कशाला काढत होतात?"

२० मार्च
मेंढपाळ रोज येतोय. शिकवतात कोण? हे! "जीभ अशी ठेवायची." जसे काही जन्मापासून कुत्रीच शिकवतायत. मी दातांचं माप देऊन आले. फट ठेवा म्हणून बजावलं. डॉक्टर म्हणे, फट मागणारी तुम्ही पहिल्याच.

२३ मार्च
महामाया गेली. मागे वळूनही पाहिलं नाही, गाडीत पुढे मेंढ्या होत्या ना! कुत्री अशीच तयार झाली पाहिजे. यांनी नाक शिंकरलं आणि दोष लोकरीला दिला.

आता तिच्या पुढच्या वेतातल्या भावाची पाळी, तो अर्धाकच्चा आहे. इतकी वर्षं माळावर एकटीच उभी राहिले. शेजारी कुणी कुरकुरत असलं की फार बरं वाटतं.

२८ मार्च
दात बसले. शेडमागे जाऊन हळूच वाजवली. जशीच्या तशी! महामायेची म्हातारी आई झोपेतून उठून लंगडत आली, पायाशी बसली.

अंगणात हे बूट चढवून उभे. "आला का सूर?"

"कुठला! नुसती हवा."

"मग चल," म्हणाले, आणि दंड पुढे केला.