भरधाव म्हणजे किती?

३ मार्च, सोमवार

भरधाव! आणि तेही बाबांबद्दल! चौतीस वर्षं बस चालवली, कधी आरशालासुद्धा ओरखडा नाही. आणि परवाच्या अपघाताच्या अहवालात काय लिहिलंय, तर "वृद्ध चालकाने भरधाव येऊन चौकात धडक दिली."

परिवहन कार्यालयात अधिकाऱ्यांना विचारलं, भरधाव म्हणजे किती?

"म्हणजे – जोरात."

म्हटलं, आठवीतलं पोर एकक विसरलं तर मी अर्धा गुण कापते. तुम्ही तर आकडाच विसरलात!

"बाई, ही शाळा नाही."

ते दिसतंच आहे. कपाटातल्या जुन्या फायली चाळू दिल्या असत्या, तर तिथेही सगळ्या गाड्या भरधावच निघाल्या असत्या. उभ्या असलेल्याही भरधाव उभ्या असतील.

दुसऱ्या गाडीचा चालक ठेकेदाराचा मुलगा. नाकावर पट्टी, पट्टीवर गॉगल. "मी चाळीसवर होतो. म्हातारा उजवीकडून गोळीसारखा आला." चाळीस म्हणे! तिथली मर्यादा नेमकी चाळीस, म्हणून.

चौदा तारखेला सुनावणी. शब्द राहिला तर परवाना गेला. बाबा डावा हात गळ्यात अडकवून नुसते बसलेत. "परवाना जाऊ दे गं. पण भरधाव? मी?"

४ मार्च

दादा-वहिनी आले. सहानुभूती कमी, सल्ले जास्त. "वय झालं आता. चावी काढून घ्या त्यांच्याकडून." बाबांच्या समोर! जणू ते फर्निचर आहेत.

तेवढ्यात बाबांच्या डाव्या बाजूचा चहाचा कप लवंडला. वहिनी लगेच – "बघा, हात कापतो." म्हटलं, वहिनी, तो हात झोळीत आहे, कापायला जागा कुठाय त्याला? झोळी लागली कपाला. आणि कप तिथे ठेवला कोणी?

बाबा उठले. स्वतःच फडकं आणून पुसून घेतलं.

६ मार्च

खुणा पुसायच्या आत चौक मोजला. शाळा सुटल्यावर मी, बाबा आणि शिंप्याकडून आणलेली नाही, चांगली तीस मीटरची टेप. टोक बाबांनी धरलं.

गॉगलच्या ब्रेकच्या काळ्या खुणा, धडकेआधी: आठ मीटर. धडकेनंतर दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून घसरल्या त्या: दहा मीटर. गॉगलच्या सरळ रेषेपासून साडेअठरा अंश तिरप्या.

बाबांच्या डावीकडून आलेला सायकलवाला त्यांच्यावर खेकसला, "आजोबा, दिसत नाही का?" मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मोजमाप चाललेलं यालाच दिसत नाही!

८ मार्च

प्रयोगशाळेतला ताणकाटा पर्समध्ये घातला. (चोरी नव्हे, क्षेत्रभेट.) जुन्या टायरला वाळूची पिशवी बांधली, दोन्ही मिळून दहा किलो. चौकात ओढलं. काटा सातवर. म्हणजे घर्षण शून्य पूर्णांक सात.

पानवाला म्हणाला, "बाई, पंक्चर झालंय का?" म्हटलं, हो, कायद्याचं.

९ मार्च, रविवार

सुटलं!

अडकलेल्या गाड्या घसरायला लागल्या तेव्हा ताशी बेचाळीस. बाबांची गाडी नऊशे चाळीस किलो, बाबा साठ – बरोब्बर हजार. गॉगलचा हत्ती चालकासकट दोन हजार. संवेग दोन दिशांत फोडला. बाबा ताशी चाळीस. गॉगल धडकेच्या क्षणी साठ. त्याआधीचे आठ मीटर घासलेले जमेस धरले तर – एकाहत्तर! तीन वेळा करून पाहिलं. एकाहत्तरच.

बाबा वहीत डोकावत होते. "आणि गाडी उभी असेल तर वेग किती लिहितेस?"

"शून्य."

"एकक?"

"लिहायलाच हवं. पण शून्याला मी गुण कापत नाही."

बाबा हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

११ मार्च

दादाचा फोन. "कशाला नाक खुपसतेस?" मी: आकडा आहे माझ्याकडे. तुझ्याकडे काय आहे, वय?

१४ मार्च, शुक्रवार

जिंकले!

फळा नव्हता, म्हणून त्यांच्याच सूचनाफलकावर "शांतता राखा"च्या खाली आकृती काढली. गॉगल म्हणाला, "हे पुस्तकातलं आहे." म्हटलं, रस्ताही पुस्तकातलाच आहे, तुम्ही ते उघडलं नाहीत एवढंच. कार्यालयाच्या तज्ज्ञाने स्वतः गणित केलं. एकोणसत्तर आलं. दोन तुम्हाला माफ, मी म्हटलं.

"भरधाव" खोडला. माझ्यादेखत! परवाना राहिला.

अधिकारी जाता जाता म्हणाले, "पण बाई, आजोबांच्या ब्रेकच्या खुणा कुठेत?" मी ताडकन – एकाहत्तरने अंगावर आलेल्यासाठी ब्रेक मारायला वेळ तरी मिळतो का माणसाला? 

घरी येईपर्यंत बाबा गाडीची चावी मुठीत धरून होते.

१५ मार्च

उत्तर चुकीचं दिलं काल. आठ मीटर घासायला जेमतेम अर्धा सेकंद. त्याआधी पाय ब्रेकवर जायला पाऊण. म्हणजे गॉगलने बाबांना सव्वा सेकंद आधी पाहिलं होतं. चौक मोकळा होता. त्याला बाबा दिसले, तर बाबांनाही तो दिसायला हवा होता. ब्रेकवर पाय तरी पडला असता.

बाबांच्या बाजूला एकही खूण नाही. वर्गात मीच सांगते – जे आढळलं नाही तेही निरीक्षण म्हणून लिहा.

चहाचा कप. सायकलवाला.

गणिताच्या वहीत नाही लिहिलं. वही मिटली.

१६ मार्च, रविवार

सकाळी वही उघडी होती. तिच्यावर गाडीची चावी. माझ्या आकृतीखाली बाबांचं बसच्या लॉगबुकातलं ते ठसठशीत अक्षर:

"वेग: ताशी ४० कि.मी. बरोबर. डावा डोळा: ०. एक वर्ष झालं. गुण कापू नकोस."