टाचणीची सहा बटणं

सोमवार, १० नोव्हेंबर

चि. खटपट्यास,
अ. आ. (आज जरा हात राखून.)

काल, रविवार ९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, उपचार केंद्राच्या हॉलमध्ये, चाळीस माणसांसमोर तू मला बाहेर जाऊन थांबायला सांगितलंस. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवली आहे, म्हणजे नंतर तुला कानांवर हात ठेवायला नको. सख्ख्या थोरल्या बहिणीला! फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू बरं बरं करून निसटतोस.

मी असं काय बोलले? तुझ्या बायकोच्या हातून त्या यंत्राने किंकाळी फोडली, पुढच्या रांगेतले दोघे हसले, आणि मी एवढंच म्हणाले की टाचणीला हे झेपायचं नाही हे मी आधीच सांगितलं होतं. माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो, त्याला मी काय करू?

आणि हेही सांगते, खोटं नव्हतं ते. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिचा उजवा हात गेला, कुठली वस्तू कुठे असते ते लक्षात राहीना. ज्या बाईने तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले तिला साधी बटणं लावता येईनात, तर तू तिच्यासाठी सुरांचं यंत्र करायला घेतलंस! लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर गप्प बसवत नाही हेच खरं. ती पांढरी, भोकाभोकांची ब्रेडबोर्डची पाटी, तिच्यात खुपसलेल्या शंभर तारा, म्हणजे विंचरायचं राहून गेलेलं डोकं. वर कपाटाच्या जुन्या दाराची फळी, आणि फिरवायची बटणं म्हणून बरण्यांची झाकणं.

त्यातल्या त्यात देखणी गोष्ट कोणती होती, तर माझ्या अक्षरातली, काल ऐनवेळी चिकटवलेली बटणांच्या नावांची पट्टी. तुझ्या चिठोऱ्या चिकटवलेलं यंत्र लोकांपुढे नेऊ दिलं असतं तर मीच लाजेने मेले असते. ती पट्टी मला परत पाठव. जिथे माझी किंमत नाही तिथे माझं अक्षरही नको.

टाचणीला औषध वेळेवर दे.

लोभ सध्या कुलूपबंद आहे. किल्ली तुझ्या माफीनाम्यात.
तुझी ताई


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाच वीसला नव्हे, एकवीसला. माझं घड्याळ जरा पुढे असतं. माफी मागतो, मनापासून. तुला बाहेर काढलं कारण टाचणी तुझ्याकडे बघत होती. ती तुझं बोलणं ऐकत होती, ताई.

झालं ते माझ्यामुळे झालं, वायरिंग चुकलं. सात आठवडे ती डाव्या हाताने बसली होती. जागा लक्षात राहत नाहीत, पण वाचलेलं कळतं, म्हणून प्रत्येक बटणाचं नाव वाचायचं आणि मग फिरवायचं, असं आम्ही ठरवलं होतं. सात ओळींची चाल बसली होती. पाचव्या ओळीला ती स्वतःच मान डोलवायची. मी खोट्या कामाने आत जायचो आणि दाराआडून ऐकायचो.

आता यंत्रावर चादर टाकली आहे तिने. केंद्रावर यायलाही तयार नाही. मी सांगितलं की चूक माझ्या तारांची. ती म्हणाली, तुमची तार आजवर कधी चुकली आहे, माझा हातच गेला आहे, तुमची ताई बरोबर बोलली. तेव्हापासून जेवायलाही ती भिंतीकडे तोंड करून बसते. डॉक्टरीणबाई म्हणतात, महिनाभर हात असाच पडून राहिला तर डावाही आखडेल.

तुझी पट्टी पाठवतो आहे. जपून काढली, कोपराही दुमडला नाही. तू ज्यावरून नावं लिहिलीस ते माझं मूळ चित्रही सोबत आहे, ते तुझ्याचकडे असू दे. पट्टीचा विषय आता कोणाकडेच काढू नकोस, टाचणीकडे तर नकोच.

कुलूप उघडलंस तर बरं वाटेल.
तुझा धाकटा


रविवार, १६ नोव्हेंबर

चि. सौ. टाचणीस,
अ. आ. मागच्या रविवारचेही यातच धर. तेव्हा दिले नाहीत.

हे पत्र तुझ्या नवऱ्याला वाचून दाखवायला सांगू नकोस. तो मधल्या ओळी गाळील. लहानपणापासून माझी चूक तो स्वतःच्या अंगावर घेत आला आहे, आणि मी घेऊ देत आले आहे.

त्याने पट्टी परत पाठवली. पट्टीचा विषय काढू नकोस, हे त्याने इतक्या हळुवार लिहिलं की मला संशय आला. माझं काम किती चोख आहे ते त्याला दाखवायला मी पट्टी त्याच्या मूळ चित्रावर ठेवली आणि खिडकीच्या काचेला लावली. सहाही नावं तंतोतंत जुळली. मग लक्षात आलं, चित्राची वरची कड कापलेली आहे. कापली मीच होती. तिच्यावर त्याच्या तेलकट अंगठ्याचा डाग होता, आणि कॉन्व्हेंट शाळेतल्या बायांनी मला डाग असलेला कागद कधी समोर ठेवू दिला नाही, ती सवय कायमचीच लागली. ती कड मी खूण म्हणून शब्दकोशात घातली होती. आज काढून पाहिली. पेन्सिलने लिहिलं होतं: ताई, हे तारांच्या बाजूने, मागून काढलं आहे. पुढून लिहिताना डावं ते उजवं कर.

मी केलं नाही, टाचणी. मी वाचलंच नाही. डाग दिसला आणि कात्री घेतली.

म्हणजे पहिल्या बटणावर सूर असायला हवं होतं, तिथे मी आवाज लिहिलं. शेवटच्यावर आवाज असायला हवं होतं, तिथे सूर. तू अगदी शिकवल्याप्रमाणे नाव वाचून आवाज वाढवलास, तर खरं म्हणजे सूर टोकाला गेला आणि आवाज बंदच असल्याने ऐकू काहीच आलं नाही. मग तू सूर वाचून ते बटण फिरवलंस आणि ती किंकाळी फुटली. तुझा हात चुकला नाही. तुझं डोकंही चुकलं नाही. त्या हॉलमध्ये बरोबर वागणारी तू एकटीच होतीस.

मी अडतीस वर्षं नकाशांवर नावं घातली. एकही नदी चुकीच्या काठाला गेली नाही म्हणून निरोप समारंभात छाती काढून बसले होते. एवढी साधी सहा नावं उलट लिहिली आणि वर तुझ्याच तोंडावर म्हणाले की तुला झेपायचं नाही. चूक तरी नजरचुकीने झाली. ते वाक्य मात्र मी पुरतं ठरवून बोलले होते. घरून निघतानाच तयार होतं ते. तू पडावंस याची मी वाट बघत होते की काय, हे सकाळपासून स्वतःला विचारते आहे, आणि उत्तर मला आवडलेलं नाही.

माफ कर म्हणत नाही. तू लगेच करशील आणि मी मोकळी होईन. तेवढं स्वस्त मला नको.

आज दुपारी केंद्रात जाऊन आले. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या दोन हसणाऱ्यांपैकी एक तिथे गुडघा शेकत बसला होता, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, आजी, बसा जरा, घाम आलाय तुम्हाला. मी बसले नाही. रविवार २३ तारखेला हॉल रिकामा आहे. त्याच चाळीस जणांना बोलावणार आहेत; तू वाजवायला तयार असलीस तर तू सुरू करण्याआधी मी उभी राहून हे सगळं माझ्या त्या मोठ्या आवाजात सांगणार आहे. तयार नसलीस तरी मी सांगणार आहेच, पण मग रिकाम्या खुर्चीशेजारी उभी राहून.

तू वाजवणार की नाही ते मला केंद्राला शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. म्हणून तुझं उत्तर लेखी हवं, तुझ्या डाव्या हाताचं, वेडंवाकडं असलं तरी तुझंच. मला चार शब्द सुनावायचे असले तर तेही लिही, अक्षर तपासणार नाही. खटपट्याने लिहिलेलं किंवा फोनवर सांगितलेलं मी धरणार नाही. मुदत शनिवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. त्या दिवशी दुपारपासून मी टपालाच्या पेटीपाशी खुर्ची टाकून बसेन.

लोभ मागायचं तोंड नाही. उत्तर मागते आहे.
तुझी नणंद